पोलो जीटी टीडीआय: डाव्या वळणावर नाक का पळत होतं, ते सापडलं

सापडलं, मंडळी! डाव्या वळणावर माझ्या डिझेल फोक्सवॅगन पोलोचं नाक वळण सोडून बाहेर पळत होतं, त्यात ना टायरचा दोष होता, ना डॅम्परचा (शॉक ॲब्सॉर्बरचा), ना भोसरीत बनवून घेतलेल्या मागच्या अँटी-रोल बारचा (गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या दांड्याचा). दोष होता सबफ्रेमचा, म्हणजे पुढच्या चाकांचे आडवे हात जिच्यावर बसतात त्या, बॉडीला खालून बोल्टने लावलेल्या चौकटीचा. ती जागेवरून सरकलेली होती आणि नीट मध्यावर बसवून दिल्यावरही पुन्हा सरकली. त्या दुसऱ्यांदा सरकण्याने माझी झोप उडवली होती, म्हणून आजचा बराचसा मजकूर त्यावरच आहे.

सेटअप मागच्या वेळचाच. २०१५ ची १.५ लिटर, १०५ पीएस, बिल्स्टाइनचे बी८ डॅम्पर, ३० मि.मी. खाली बसवणाऱ्या स्प्रिंग, १९५/५५ आर१५ टायर, आणि मागच्या ट्विस्ट बीमवर (मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईवर) २२ मि.मी.चा बार. गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा आधीच्या मालकाने क्लच बदललेला होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तक्रार अशी की वरंध्यात किंवा ताम्हिणीत उजवं वळण गाडी चाकूसारखं कापायची. डाव्या हेअरपिनला मात्र टर्न-इन (वळणात शिरणं) ठीक व्हायचं आणि वळणाच्या मध्यावर स्टिअरिंग हलकं पडून नाक रस्त्याच्या मध्यरेषेकडे सरकू लागायचं. घाटात मध्यरेषेपलीकडे समोरून एसटी येत असते. हा नुसता हौसेचा प्रश्न नव्हता.

ज्याला विचारावं तो एकच उत्तर द्यायचा. आपण रस्त्याच्या डावीकडून चालवतो, त्यामुळे डावं वळण कायम आतल्या बाजूचं, म्हणजे जास्त अरुंद. शिवाय डिझेल इंजिनाचं वजन नाकावर. मग अंडरस्टीअर, म्हणजे स्टिअरिंग वळवूनही नाक बाहेर जाणं, होणारच. म्हणणं चुकीचं नाही. पण तेवढंच कारण असेल, तर एकाच मापाच्या गोलात डावीकडे आणि उजवीकडे फिरवल्यावर गाडी सारखीच वागली पाहिजे. ते तपासायचं ठरवलं.

ओळखीच्या एकांच्या कंपनीचं मोकळं काँक्रीटचं आवार रविवारी मिळालं. मधोमध खिळा, त्याला १५ मीटरची दोरी, आणि खो-खोचं मैदान आखतात तशी फक्कीने आखलेली वर्तुळाची रेघ. जीपीएसवरचा वेग अशा छोट्या गोलात फार नाचतो, म्हणून वेग न बघता फेरीचा वेळ घेतला. नाक रेघ सोडणार नाही अशी जास्तीत जास्त गती धरायची आणि मित्राने बाहेरून मोबाईलवर चित्रण करायचं. डाव्या सीटवर माझ्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवली. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे डाव्या वळणात बाहेरच्या चाकांवर त्याचं वजन आधीच पडलेलं असतं. ते जमेला धरलं नाही तर सगळी चाचणी फुकट.

उजवीकडे फिरताना फेरी ८.८ सेकंदांची, म्हणजे सुमारे ०.७८ जी (वळणातला आडवा जोर, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत). डावीकडे ९.१ सेकंद, म्हणजे ०.७३ जी. तोच गोल, तेच काँक्रीट, तेच टायर. डाव्या-उजव्या बाजूचे टायर आपसात बदलूनही आकडे तसेच राहिले. म्हणजे रस्त्याची अरुंदी बाद आणि टायरही बाद.

मग टायरचं तापमान मोजायला सुईचा पायरोमीटर घेतला. लेझरचं तापमापक यासाठी घेऊ नका. ते फक्त वरचा पापुद्रा मोजतं आणि तो क्षणात थंड होतो. सुई रबरात दोनेक मिलिमीटर शिरली की खरा आकडा मिळतो. डाव्या फेऱ्यांनंतर उजव्या पुढच्या टायरवर आतून बाहेर ५२, ५५ आणि ६८ अंश. उजव्या फेऱ्यांनंतर डाव्या टायरवर ५६, ५७ आणि ६०. उजवा टायर निव्वळ बाहेरच्या खांद्यावर जगत होता. कॅम्बर, म्हणजे चाकाचा माथा आत झुकण्याचा कोन, कमी असल्याची याहून स्पष्ट खूण नाही.

आता जुना अलाइनमेंटचा कागद काढला. पुढे कॅम्बर डावीकडे उणे ०°५०′ (उणे म्हणजे माथा आत; ′ म्हणजे मिनिट, अंशाचा साठावा भाग), उजवीकडे उणे ०°१०′. मशीनच्या पडद्यावर दोन्ही आकडे हिरवे, कारण एकेकटे धरले तर दोन्ही मर्यादेत बसतात. दोन बाजूंमधला चाळीस मिनिटांचा फरक कोणी पाहिलाच नव्हता. अलाइनमेंटवाल्याला दाखवला, तर उत्तर आलं, "साहेब, पोलोला कॅम्बर ॲडजस्ट होत नाही."

हे अर्धंच खरं आहे. या गाडीत स्ट्रट (डॅम्पर-स्प्रिंगचा उभा खांब) चाकाच्या हबच्या क्लॅम्पमध्ये सरळ घुसतो. दोन बोल्टची पकड नाही, त्यामुळे इतर गाड्यांसारखा कॅम्बर बोल्ट घालायची सोय नाही. दोन्ही बाजूंचा मिळून कॅम्बर वाढवता येत नाही, पण वाटून घेता येतो. सबफ्रेमच्या भोकांमध्ये बोल्टच्या मानाने थोडी मोकळीक असते. विशबोन (चाकाचा तळ धरणारा आडवा हात) सबफ्रेमवर, त्यामुळे ती आडवी सरकवली की एका चाकाचा तळ बाहेर जातो आणि दुसऱ्याचा आत. माझा हिशोब सोपा होता. विशबोनच्या टोकाच्या बॉल जॉइंटपासून स्ट्रटच्या माथ्यापर्यंत साधारण ६०० मि.मी. धरले, तर साडेतीन मिलिमीटर सरकवल्यावर प्रत्येक बाजूला वीस मिनिटं फरक पडायला हवा. तसंच झालं. लिफ्टवर बोल्ट ढिले केले, लाकडाचा ठोकळा लावून लोखंडी कांबीने सबफ्रेम उजवीकडे ढकलली, नवे बोल्ट टॉर्कवर आवळून वर पाव फेरी दिली. दोन्हीकडे उणे ०°३०′. स्टिअरिंगची रॅक सबफ्रेमवरच असल्यामुळे टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन) आणि स्टिअरिंगचा मध्य पुन्हा लावावा लागला, तोही लावला. शेवटी सबफ्रेम आणि बॉडी यांच्या सांध्यावर पांढऱ्या पेंट मार्करने चारही ठिकाणी रेघा मारल्या. ही सवय सगळ्यांनी लावून घ्या. दहा रुपयांचं काम आहे.

त्या आठवड्यात गाडी स्वप्नासारखी चालली. मग वरंध्यात उतरताना डाव्या वळणावर पुन्हा तेच. भोरला चहाला थांबलो तेव्हा सरळ रस्त्यावर स्टिअरिंगही किंचित वाकडं राहत असल्याचं लक्षात आलं. घरी येऊन गाडी स्टँडवर घेतली, टॉर्च मारला. पांढरी रेघ तुटलेली होती. वरचा अर्धा भाग बॉडीवर जागच्या जागी, खालचा अर्धा दोन मिलिमीटर डावीकडे. कॅम्बर डावीकडे उणे ०°४२′, उजवीकडे उणे ०°१८′. दोन मिलिमीटरला बरोबर बारा मिनिटं.

बोल्ट नवे, टॉर्क बरोबर, पाना तपासलेला. तरी सरकली कशी? सगळ्यात जास्त डोकं इथेच खाल्लं गेलं. आधी बोल्ट हलक्या दर्जाचे असतील असं वाटलं. ते नव्हते, डोक्यावर १०.९ चा ठसा होता आणि पाकीट मूळ कंपनीचं. मग भोकं लंबगोल झाली असतील म्हणून कॅलिपर लावला. भोकं गोलच होती. विशबोनचे मागचे बुश (रबरी सांधे) गेले असतील, म्हणून पहार घालून हलवून पाहिलं. उजवा थोडा चिरलेला निघाला, पण चिरलेल्या बुशने चाक मागेपुढे होईल, सबफ्रेम सरकणार नाही.

उत्तर बोल्ट सोडताना हाताला लागलं. जेवढ्या जोराने आवळले होते, त्याच्या निम्म्या जोरातच ते सुटू लागले. म्हणजे ताण उतरलेला होता. सबफ्रेम पूर्ण खाली घेतली आणि बसण्याच्या जागा पाहिल्या. काळा, रबरासारखा, नखाने दाबला तर खड्डा पडेल असा थर. अंडरबॉडी अँटी-रस्ट कोटिंग! क्लचच्या कामासाठी कोणीतरी सबफ्रेम खाली घेतली असणार, ती खाली असतानाच कोटिंग मारलं आणि तशीच वर चढवली. पोलाद पोलादाला लागण्याऐवजी मध्ये मऊ गादी. आवळल्यावर ती हळूहळू पसरत जाते, बोल्टचा ताण उतरतो, आणि सबफ्रेम ज्या घर्षणावर जागेवर राहते ते घर्षणच संपतं. पहिल्या वेळी मी ती फक्त ढिली करून सरकवली होती, म्हणून हा थर दिसणंच शक्य नव्हतं. डावीकडेच का सरकली, तर डाव्या वळणात टायर सबफ्रेमला डावीकडे ढकलतात, आणि आपल्याकडची अरुंद वळणं डावी. लोक सांगत होते ते कारण असं आडवाटेने खरं ठरलं.

कोटिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कोकणात किंवा मुंबईत गाडी असेल तर ते जरूर मारा. पण सांध्यांच्या बैठकीवर आणि बोल्टांवर टेप लावल्याशिवाय फवारा मारू देऊ नका. समोर उभं राहून करून घ्या.

थर खरवडून, थिनरने पुसून, दोन्ही पृष्ठभाग उघड्या धातूपर्यंत आणले. सांधा बंद झाल्यावर कडेने मेणाचा हात फिरवला. बोल्ट पुन्हा नवे, कारण ताणले जाणारे बोल्ट एकदाच वापरायचे. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टवाल्यांकडे विचारलं होतं, तिथे हा बोल्ट कोणाकडे नव्हता. जे दाखवत होते ते 'चालून जाईल' छापाचे. या जागी तसलं काही लावायचं नाही. वाट पाहायची आणि मूळचेच मागवायचे. चिरलेला बुशही बदलला, लेमफॉर्डरचा रबरी घातला. पॉलीयुरेथेनचा घालायचा मोह होता, पण आपल्या खड्ड्यांत त्याचा कडकपणा रोज अंगावर येतो. रोजच्या गाडीत मला रबरच बरं वाटतं.

पुन्हा फक्की, पुन्हा दोरी. डावीकडे ८.८, उजवीकडे ८.८. मित्राने चित्रण तिथल्या तिथे पुन्हा चालवून दाखवलं. ते पाहताना जो आनंद झाला तो इंजिनाचा रिमॅप करून ताकद वाढवल्यावरही झाला नसता. त्यानंतर वरंध्यात जाऊन आलो, पावसाने धुतलेल्या रस्त्यावरसुद्धा. पांढऱ्या रेघा अभंग आहेत. डाव्या हेअरपिनला आता दुसऱ्या गिअरमध्ये स्टिअरिंग शेवटपर्यंत भरीव राहतं, आणि १५०० आरपीएमला जे २५० एनएम मिळतात ते बाहेर पडताना वापरता येतात. आधी ते वापरायची भीती वाटायची.

मागच्या बारचा खरा फायदाही आत्ता कळतोय. भरीव बारची पिळाला विरोध करण्याची ताकद व्यासाच्या चौथ्या घातात वाढते. १९ च्या जागी २२ मि.मी. घेतला की ती जवळजवळ १.८ पट होते, म्हणून २५ च्या नादी लागू नका. आमच्या गाडीत ईएसपी (घसरती गाडी ब्रेकने सावरणारी यंत्रणा) नाही, ते पेट्रोलच्या जीटी टीएसआयला होतं. ओल्या रस्त्यावर वळणात ॲक्सिलरेटरवरून एकदम पाय उचलला तर मागचा भाग सुटायला वेळ लागणार नाही. पावसाळाभर मी बार मऊ भोकावर ठेवणार आहे.

काहींनी गाडी आणखी खाली बसवायला सांगितलं. ते करणार नाही. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटच्या सस्पेन्शनमध्ये विशबोन बाहेरच्या बाजूला वर चढू लागले की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जातं. गाडी दिसायला बसकी, पण झुकायला पूर्वीपेक्षा मोकळी. आणि डिझेल हॅच वळतच नाही म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की २०१० मध्ये पोलो कप भारतात सुरू झाला तेव्हा रेसच्या गाड्या डिझेलच होत्या.

पुढचं काम म्हणजे पुढच्या कॅम्बर प्लेट (स्ट्रटचा माथा सरकवून कॅम्बर बदलणाऱ्या) मागवायच्या होत्या. पण हे लिहिण्यासाठी सगळे आकडे एकत्र मांडले, तेव्हा मागच्या चाकांचा टो डोळ्यांत भरला. डावीकडे ४ मिनिटं आत, उजवीकडे १४. म्हणजे मागचा बीम पाच मिनिटांनी डावीकडे बघतोय, आणि डाव्या वळणात आत यायला गाडीला तेवढाच विरोध होतोय. गोलात तो दिसला नाही, घाटात वळणाच्या तोंडाशी किंचित जाणवतो. स्टब ॲक्सल (चाकाचा आखूड आस) बीमला चार बोल्टनी बसतो, त्यांच्यातलं अंतर साधारण ८० मि.मी. दहा मिनिटं काढायला ०.२५ मि.मी.ची टेपर शिम (पाचरीसारखी उतरती पातळ चकती) पुरेल. नुसती पट्टी एका बाजूला सरकवायची नाही. सबफ्रेमने जे शिकवलं ते इथेही लागू, बैठक पूर्ण टेकलीच पाहिजे. म्हणून भोसरीत सरफेस ग्राइंडरवर टेपर घासून घेणार.

तेव्हा कॅम्बर प्लेट पुढे ढकलल्या. आधी शिम, मग पुन्हा दोरी, आणि मग जमलं तर कोइंबतूरच्या करी ट्रॅकवर एक दिवस. २.१ कि.मी.चा ट्रॅक आहे, समोरून एसटी येत नाही. कोणी आपल्या पोलोचा मागचा टो शिमने लावला असेल, तर शिमची जाडी आणि आधी-नंतरचे आकडे कळवा. आणि क्लच बदललेली गाडी असेल, तर या रविवारी सबफ्रेमच्या सांध्यावर टॉर्च मारून बघाच.