उभ्या गाडीचा धरलेला ब्रेक

सातारा जिल्ह्यात पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि पूर्वेकडच्या माण-खटावात जेमतेम पाचशे. त्यामुळे माणमधल्या दहिवडीत महिनाभर उभी राहिलेली गाडी बहुधा विनातक्रार निघते, तर पश्चिमेकडच्या मेढ्याला किंवा पाटणला भर श्रावणात आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीचे मागचे चाक धरून बसते. गणपतीच्या आधी ही तक्रार माझ्या कानावर हमखास येते, कारण पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या अनेकांची एक गाडी इथे घरासमोर आई-वडिलांच्या भरवशावर उभी असते. इंजिन सुरू होते, हॅण्डब्रेक खाली जातो, समोरचा लाल दिवा विझतो आणि तरीही गाडी जागची हलत नाही. अशा वेळी पुष्कळ जण ॲक्सिलरेटर दाबत राहतात. तसे कोणीही करू नये असे मला फार कळकळीने वाटते, आणि ते का, हे सविस्तर सांगण्यासाठीच हे लिहीत आहे.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना ब्रेकसाठी पुढे डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, आणि मागे ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा गोल डबा, असतात, व हॅण्डब्रेक मागच्या चाकांवर लागतो. डिस्क उघडी असते. पावसात एका रात्रीत तिच्यावर तांबूस थर चढतो आणि सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये खरखर आवाज करून तो निघून जातो. त्यात काळजी करण्यासारखे काही नाही. ड्रमचे तसे नसते. ड्रम बिडाचा आणि जवळजवळ बंद असतो, त्यामुळे आत शिरलेले पाणी आणि चिखल लवकर वाळत नाहीत. त्यात हॅण्डब्रेक ओढलेला असला, म्हणजे ब्रेक शूवरचे (आतून ड्रमवर दाबल्या जाणाऱ्या पट्ट्यांवरचे) ओले लायनर, म्हणजे घासणारा थर, ड्रमच्या आतल्या बाजूवर रात्रंदिवस घट्ट दाबलेले राहते. तिथे हवा खेळत नाही, बिडाला गंज चढतो, गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो आणि लायनर व ड्रम यांच्यामधली फट भरून दोघांना एकमेकांशी जखडून टाकतो. इकडची काळी माती पाणी धरून ठेवणारी असल्याने शेतरस्त्याने येऊन थेट दारात लावलेल्या गाडीला हा त्रास अधिक होतो.

हा झाला पहिला प्रकार. दुसरा प्रकार केबलचा. हॅण्डब्रेकपासून मागच्या चाकांपर्यंत जाणाऱ्या केबलचे बाहेरचे वेष्टण कुठेतरी चिरलेले असले, तर पाणी आत मुरते, आतली तार गंजते आणि ओढल्यावर पुढे जाते पण सोडल्यावर परत येत नाही. दांडा मात्र खाली गेलेला असतो. लाल दिव्याचा स्विच दांड्यापाशी असतो, चाकापाशी नसतो. म्हणून दिवा विझला याचा अर्थ दांडा खाली आला इतकाच, चाक मोकळे झाले असा नव्हे. ही गोष्ट मला या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण गंजाने धरलेले चाक एकदा सुटले की बहुधा पूर्ण सुटते, पण केबलने धरलेले चाक अर्धवट सुटते आणि गाडी चालत असताना घासत राहते.

आता गाडी हलत नाही तेव्हा काय करावे ते सांगतो. जागा सपाट असेल तर दांडा दोन-तीन वेळा पूर्ण ओढून पूर्ण सोडावा. मग पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूच सोडून गाडी जरा पुढे ताणू द्यावी आणि लगेच रिव्हर्समध्ये तसेच करावे. मागची चाके धरलेली असतील तर पुढे ताणताना गाडीचा मागचा भाग खाली बसतो आणि मागे ताणताना वर उचलला जातो. ही खूण बाहेर उभ्या असलेल्या माणसाला स्पष्ट दिसते. हलक्या हिसक्याने ‘कट्’ असा आवाज होऊन चाक सुटले तर फारच छान. थोड्या प्रयत्नात नाही सुटले, तर तिथेच थांबावे. जोर लावत राहिल्यास क्लच जळतो, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी धरलेली मागची चाके न फिरवताच फरफटत नेते आणि टायर एका जागी झिजतात, आणि ज्या गाडीची मागची चाके ओढणारी आहेत तिथे ताण थेट ॲक्सलवर येतो. शिवाय लायनर शूपासून उखडण्याची भीती असते, आणि हे नुकसान बाहेरून दिसत नाही. आमच्या भागातल्या एका जुन्या मेकॅनिकचे वाक्य मी अनेकांना सांगतो : “काका, चाक फिरंल हो, पण लायनर ड्रमलाच चिकटून ऱ्हाईल, मग ब्रेक कशानं लागायचा?”

पुढचे काम मेकॅनिकला बोलावून करावे, पण तो काय करतो हे ठाऊक असावे. तो आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावतो, मग मागचे चाक उचलून काढतो. ड्रमच्या कडेवर लाकडाचा तुकडा धरून हातोडीने बेताने सर्व बाजूंनी ठोकले की गंजाची पकड बहुतेकदा सुटते. थेट बिडावर जोरात घाव घातला तर ड्रमला तडा जाऊ शकतो. अनेक गाड्यांच्या ड्रमवर आटे असलेली दोन भोके असतात, त्यांत ८ मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे पिळले की ड्रम सरळ बाहेर येतो. आतली काळी भुकटी फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण ती छातीत जाण्याजोगी गोष्ट नाही. आणि गंज सोडवणारे तेल ड्रमच्या आत फवारण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये. लायनरने एकदा तेल शोषले की ते पुन्हा भरवशाचे होत नाही, आणि मग दोन्ही चाकांचे शू एकदमच बदलावे लागतात, नाहीतर ब्रेक एका बाजूला ओढतो.

चाक सुटल्यावर लोक निर्धास्त होतात, आणि माझी खरी काळजी तिथून पुढे सुरू होते. अर्धवट धरलेला ब्रेक सपाट रस्त्यावर फारसा जाणवत नाही. गाडी जराशी जड वाटते, ॲव्हरेज कमी होतो, इतकेच. पण साताऱ्यातून कुठेही निघालो तरी घाट चुकत नाही. कासला जायचे तर यवतेश्वरचा, वाईहून पाचगणीला पसरणीचा, पुण्याकडे खंबाटकीचा, कोयनेहून चिपळूणला कुंभार्लीचा. अशा उतारावर आधीच तापलेल्या ब्रेकवर आणखी ताण पडतो, उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते, आणि ते ऑइल हवेतली ओल शोषून घेणारे असते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणून बराच काळ उभी असलेली गाडी घेऊन लगेच घाटात शिरू नये. आधी गावातल्या गावात चार-पाच किलोमीटर हळू चालवावी, थांबावे, आणि चारही चाकांजवळ तळहात न टेकवता धरून पाहावा. डाव्या-उजव्या चाकांत ठळक फरक असेल किंवा जळका वास येत असेल तर प्रवास पुढे ढकलावा. पुढचे चाक तापत असेल तर कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागाच्या, कोरड्या पडलेल्या पिना, अडकलेला पिस्टन किंवा आतून सुजलेला होज, म्हणजे ब्रेक ऑइलची रबरी नळी, ही कारणे असू शकतात. त्या चाकाचा ब्लीडर, म्हणजे ऑइल बाहेर सोडण्याचा स्क्रू, सैल केल्यावर चाक मोकळे झाले तर दोष होजकडे किंवा पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरकडे, आणि नाही झाले तर कॅलिपरमध्येच आहे, असे चांगला मेकॅनिक लगेच सांगतो.

हे सगळे टाळण्याचा उपाय साधा आहे : सपाट जागेवर गाडी काही दिवस उभी करायची असेल तर हॅण्डब्रेक ओढू नये, पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवावी आणि एका चाकाला पुढून-मागून दगड लावावा. मात्र हा सल्ला साताऱ्यात सरसकट देता येत नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला लागून असलेल्या जुन्या पेठांत उतार आहे, आणि तिथे एकट्या गिअरवर भरवसा ठेवणे धोक्याचे आहे. तिथे हॅण्डब्रेक ओढावाच, गिअरही ठेवावा, चाके रस्त्याच्या कडेकडे वळवावीत, दगड लावावा, आणि दर दोन-तीन दिवसांनी गाडी थोडी हलवावी. ऑटोमॅटिक गाडी उतारावर लावताना आधी हॅण्डब्रेक ओढावा आणि मगच ‘पी’मध्ये न्यावी, म्हणजे सगळा भार गिअरबॉक्समधल्या लहानशा खिळीवर येत नाही. बटणाचा हॅण्डब्रेक असलेल्या काही गाड्यांत इंजिन बंद करताच तो आपोआप लागतो. तो तात्पुरता कसा टाळायचा हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पाहून ठेवावे.

पाऊस ओसरल्यावरही हा धोका एका दिवशी हमखास परत येतो, तो खंडेनवमीला. गाडी प्रेशरच्या पाण्याने धुतली जाते, झेंडूची माळ चढते, पूजा होते आणि ओल्या ड्रमवर हॅण्डब्रेक ओढून ती रात्रभर उभी राहते. धुतल्यावर अर्धा-एक किलोमीटर चालवून हलके हलके ब्रेक दाबावेत, लायनर वाळू द्यावे आणि मग पूजेला लावावी.

गावी गाडी ठेवून जाणाऱ्यांना शेवटची एक विनंती आहे. “बाबा दर रविवारी गाडी चालू करून ठेवतात,” असे अनेक जण सांगतात. त्याने इंजिन फिरते, चाके फिरत नाहीत. वडिलांना गाडी चालवता येत असेल तर ती अंगणात चाकाच्या एक-दोन फेऱ्यांइतकी पुढे-मागे घ्यायला सांगा; येत नसेल तर शेजारच्या एखाद्या जाणत्या मुलाला चावी देऊन ठेवा, आणि हॅण्डब्रेक ओढलेला नाही, गिअर टाकलेला आहे व चाकाला दगड लावलेला आहे, हे त्या दोघांनाही निघण्यापूर्वी दाखवून द्या, म्हणजे कोणी नकळत गिअरमध्येच गाडी सुरू करणार नाही.