चाळीसाला एक

बॉस्टनच्या पश्चिमेला, चार्ल्स नदीपासून जवळच, साउथ नेटिक भागात नेटिक कम्युनिटी ऑरगॅनिक फार्म नावाचे एक सामुदायिक शेत आहे, आणि त्या शेताचे वर्षातील पहिले पीक जमिनीतून नव्हे, तर झाडांच्या खोडांतून येते. फेब्रुवारी सरत आलेला असतो. सावलीतल्या वाफ्यांवर अजून बर्फाचा कडक थर असतो, ऊन लागणाऱ्या बाजूला घोट्याएवढा चिखल झालेला असतो, आणि कॅलेंडरवर वसंताला तीन-चार आठवडे बाकी असतात. अशा वेळी शुगर मेपलच्या, म्हणजे ज्याचा रस आटवून गोड पाक करतात त्या झाडाच्या, करड्या, भेगाळलेल्या खोडांवर झाकणाच्या बादल्या लटकलेल्या दिसू लागल्या की या परिसरातील लोक हिवाळा संपला असे धरून चालतात. जवळच्या वेस्टन गावात तर शाळेच्या आवारातच मेपलचा रस आटवण्याचे साखरघर आहे आणि बादल्या वाहून आणण्याच्या कामात शाळकरी मुलेही असतात.

सामुदायिक शेत म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. जमीन बहुधा गावाची किंवा एखाद्या न्यासाची असते, काम पगारी मोजकी माणसे आणि पुष्कळसे स्वयंसेवक मिळून करतात, आणि अनेक ठिकाणी गावकरी हंगामापूर्वीच पैसे भरून येणाऱ्या पिकातील आपला वाटा राखून ठेवतात. वाट्याची ही पद्धत अमेरिकेत 1986 मध्ये ज्या दोन शेतांवर सुरू झाली, त्यांपैकी एक मॅसॅच्युसेट्समधीलच साउथ एग्रेमॉंट येथे होते आणि दुसरे शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये. वाट्याची भाजी हाती यायला मात्र जून उजाडतो. मार्चमध्ये हरितगृहात कांद्याची केसांसारखी बारीक रोपे उगवून येतात, सफरचंदाच्या झाडांची छाटणी चालते, गोठ्यात मेंढ्या व्यायला लागतात. ही सगळी कामे पुढच्या महिन्यांसाठीची असतात. त्याच महिन्यात हातात काही पडते ते केवळ मेपलचे.

रस वाहण्यासाठी जे हवामान लागते ते माणसाला अजिबात सुखाचे नसते. रात्री पारा शून्याच्या खाली उतरला पाहिजे आणि दिवसा चार-पाच अंशांपर्यंत वर चढला पाहिजे. मेपलच्या लाकडातील काही पेशींत पाण्याऐवजी वायू भरलेला असतो. रात्री गोठताना तिथे बर्फ साचतो, वायू दाबला जातो आणि झाड मुळांतून पाणी वर ओढून घेते. सकाळी बर्फ वितळला की दाबलेला वायू पसरू पाहतो, खोडाच्या आत दाब वाढतो आणि जिथे छिद्र असेल तिथून रस बाहेर पडतो. त्यातील साखर ही मागच्या उन्हाळ्यात पानांनी तयार केलेली आणि खोडात पिष्टाच्या रूपाने साठवलेली शिल्लक असते, जी थंडीत पुन्हा साखरेत बदलते. म्हणून नुसती कडाक्याची थंडी असून भागत नाही आणि सलग उबदार दिवस आले तर रस थांबतोच. गोठणे आणि वितळणे यांची ही रोजची ये-जा चार ते सहा आठवडे चालते, कधी त्याहून कमी, आणि ती केव्हा सुरू होईल हे शेताच्या व्यवस्थापकालाही आदल्या आठवड्यापर्यंत सांगता येत नाही. स्वयंसेवकांना निरोप येतो तो बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी.

छिद्र पाडण्याचे काम मला फार आवडते. खोड निदान दहा-बारा इंच जाडीचे असावे लागते, आणि तेवढे जाड व्हायला शुगर मेपलला सुमारे चाळीस वर्षे लागतात, म्हणजे आज आपण ज्या झाडाला गिरमिट लावतो ते आपल्यासाठी म्हणून कोणी लावलेले नसते. छातीच्या उंचीवर, मागील वर्षीच्या भरून आलेल्या व्रणापासून दूर, किंचित वरच्या दिशेने दीड-दोन इंच खोल भोक पाडायचे. बाहेर येणारा भुसा फिकट, मलईच्या रंगाचा असेल तर लाकूड निरोगी आहे, तपकिरी असेल तर जागा बदलायची. मग तोटी हातोडीने हलकेच ठोकायची, फार जोर केला तर खोड तडकते. दिवस चांगला असेल तर तोटी पुरती बसण्याआधीच पहिला थेंब येतो. तो जिभेवर घेतला तर पाणीच वाटते, गिळल्यानंतर कुठेतरी मागे गोडीची शंका येते. रसात साखर असते जेमतेम दोन टक्के.

या दोन टक्क्यांवरच पुढचा सगळा खटाटोप उभा आहे. मी कोल्हापूरकडची, उसाच्या पट्ट्यातली, त्यामुळे शुगर शॅकमध्ये, म्हणजे रस आटवण्याच्या साखरघरात, शिरताना गुऱ्हाळाची आठवण होणे अटळ आहे, आणि ती तुलना बरीच दूरवर टिकते. तीच दाट वाफ, तीच रात्रीपर्यंत चालणारी आच, भोवती निमित्त काढून रेंगाळणारी तीच माणसे आणि त्यांच्या पायांत घुटमळणारी तीच मुले. गुऱ्हाळात काहिलीखालच्या चुलाणात उसाची वाळलेली चिपाडे जळतात, म्हणजे ऊस स्वतःच्या रसाला स्वतःचेच सरपण पुरवतो. मेपलला ती सोय नाही, त्यामुळे वर्षभर आधी फोडून, रचून वाळवलेली लाकडे लागतात. उसाच्या रसाची मळी काढायला भेंडीचे चिकट पाणी घालतात, तर इथे फेस उतू जायला लागला की लोण्याचा एक लहानसा गोळा त्यात टाकतात आणि उसळलेला फेस तत्क्षणी खाली बसतो. फरक आहे तो भांड्यात. काहिलीत एका वेळी एक आधण चढते आणि ते उतरल्यावरच दुसरे चढते, पण मेपलच्या पसरट कढईत आडवे-उभे पन्हाळे केलेले असतात, एका टोकाने पातळ रस सतत आत येत राहतो आणि नागमोडी वाटेने घट्ट होत दुसऱ्या टोकाला पोहोचतो. ही धार तुटली आणि कढईचा तळ उघडा पडला तर काही मिनिटांत पाक जळतो व कढई वाकते, म्हणून आचेपाशी उभा असलेला माणूस कोणाशीही बोलत असला तरी त्याची नजर कढईवरून हलत नाही.

गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात सोडून त्याची गोळी बोटांनी पाहतो. इथे पाक उलथण्यावर घेऊन तिरपा धरतात: थेंब सुटे सुटे न पडता एकत्र येऊन कडेवरून पडद्यासारखे ओघळले की समजायचे झाले. तापमापक असतोच. पाणी ज्या अंशाला उकळते त्याच्या सुमारे चार अंश सेल्सिअस वर, म्हणजे 104 च्या आसपास, पाकात साखरेचे प्रमाण 66-67 टक्के होते आणि तिथेच आच थांबवायची. त्याच्या अलीकडे सोडला तर पाक आंबतो, पलीकडे गेला तर बाटलीच्या तळाशी खडे जमतात. मग लोकरीच्या जाड कापडातून गाळून तो गरम असतानाच बाटल्यांत भरतात. गाळणीत राखाडी रंगाचा, वाळूसारखा गाळ उरतो. तो झाडातीलच कॅल्शियमचा क्षार असतो.

आता हिशेब. एक लिटर पाकासाठी चाळीस लिटर रस आटवावा लागतो, आणि एका छिद्रातून सगळ्या हंगामात साधारण तेवढाच रस मिळतो. म्हणजे एक भोक, एक बादली, महिनाभराच्या खेपा, आणि शेवटी एक लिटर. उसाचे गणित याच्याशेजारी ठेवले तर मेपल अगदीच केविलवाणा दिसतो, कारण शंभर किलो उसातून दहा-अकरा किलो गूळ सहज पडतो. मेपलचा धंदा करायचाच तर तो कॅनडातील क्विबेक आणि अमेरिकेतील व्हरमॉंट या प्रांतांसारखा करावा लागतो: जंगलभर प्लास्टिकच्या नळ्यांचे जाळे, रस ओढणारे पंप, आणि आच लावण्याआधीच रसातील पुष्कळसे पाणी काढून टाकणारी गाळणयंत्रे. जगातील सुमारे 70 टक्के मेपल पाक एकट्या क्विबेकमधून येतो तो त्यामुळेच. बादल्या हातात धरून चिखलातून जाणाऱ्या सामुदायिक शेताला त्या भावात विकणे शक्य नाही, आणि मला वाटते त्याने तसा प्रयत्नही करू नये. कोणी ताशी मजुरी लावून हे काम करून घ्यायचे ठरवले तर पाकाची बाटली औषधाच्या भावाने विकावी लागेल. ते परवडते ते केवळ शेजारीपाजारी येऊन जातात म्हणून, आणि शेजारीपाजारी येतात कारण मार्चमध्ये घराबाहेर पडायला या भागात दुसरे कोणतेही सबळ कारण नसते.

हे तोट्याचे गणित एकदा मोठ्या हिशेबात मांडून पाहिले गेले होते. फिलाडेल्फियाचे डॉ. बेंजामिन रश यांनी 1791 मध्ये, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या टॉमस जेफरसन यांना उद्देशून शुगर मेपलवर एक निबंध लिहिला. कॅरिबियन बेटांवरील उसाची साखर गुलामांच्या श्रमांतून येते, ती अमेरिकेने सोडावी आणि घरोघरी मेपलची साखर करावी, असा त्यांचा आग्रह होता. जेफरसन यांना कल्पना पसंत पडली. त्याच वर्षी न्यू इंग्लंडचा दौरा करून ते परतले आणि त्यांनी लॉंग आयलंडवरील रोपवाटिकेतून साठ मेपल व्हर्जिनियातील आपल्या माँटिसेलो मळ्यासाठी मागवले. झाडे तिथे नीट रुजली नाहीत. स्वतःच्या मळ्यावर शेकडो गुलाम राबवणाऱ्या माणसाने गुलामीविरहित साखरेसाठी झाडे मागवावीत, ही विसंगती त्या रोपांपेक्षा अधिक काळ टिकली. तोडणीच्या हंगामात बीडकडून येणाऱ्या टोळ्या आणि उसाच्या फडाशेजारी उभ्या राहणाऱ्या त्यांच्या पाचटाच्या कोप्या लहानपणापासून पाहिल्यामुळे, साखरेची किंमत कोण मोजतो हा रश यांचा प्रश्न मला जुना वाटत नाही. उत्तर मात्र त्यांनी चुकीच्या मापाचे निवडले. मेपल देशाला पुरत नाही, तो फार तर एका गावाला पुरतो.

रश यांच्या कितीतरी आधीपासून या प्रदेशातील मूळ रहिवासी ही साखर करत होते, युरोपीय वसाहतवाल्यांनी ती कला त्यांच्याकडून घेतली. नेटिक हे गावच 1651 मध्ये जॉन एलियट या मिशनऱ्याने ख्रिस्ती झालेल्या मूळ रहिवाशांसाठी वसवले होते, आणि आज या शेताकडे जाणाऱ्या रस्त्याला एलियटचे नाव आहे. ज्यांची झाडे होती त्यांच्या नावाचा रस्ता त्या वळणावर मला तरी आढळलेला नाही.

चवीबद्दल माझे मत ठाम आहे. हंगामाच्या सुरुवातीचा पाक फिका, सोनेरी आणि हलका असतो, तर जसजसे दिवस उबदार होतात तसे रसातील सूक्ष्मजीव साखरेचे रूप बदलतात आणि आचेवर तो अधिकाधिक गडद होत जातो. सोनेरी पाकाला मान अधिक आहे. मला मात्र शेवटचा, जवळजवळ काळा पाक हवा असतो, कारण त्यात काकवीचा करपट खमंगपणा उतरतो आणि थालीपिठाबरोबर तोच शोभतो. हा पाक पुरणात घालण्याचा प्रयोग इथल्या मराठी घरांतून अधूनमधून होतो आणि यजमानीणबाई उत्सुकतेने प्रतिक्रिया विचारतात. पुरण सैल होते, पोळी फुटते, आणि आपण छान म्हणतो. ताज्या स्वच्छ बर्फावर गरम पाकाची धार धरून त्याची चिकट फीत काट्यावर गुंडाळून खाण्याची या भागातील जुनी रीत आहे, आणि तिच्यासोबत साधे डोनट व आंबट काकडीचे लोणचे देतात. गोडाबरोबर लोणचे ठेवणारी माणसे परकी कशी वाटणार?

हंगाम संपतो तो कळ्यांमुळे. फांद्यांच्या टोकांवर कळ्या फुगू लागल्या की रसाला उग्र वास येतो आणि पाक बेचव होतो, त्यामुळे पाडव्याच्या आसपास, ज्या चैत्रपालवीचे कौतुक करत आम्ही वाढलो, तिच्या पहिल्या खुणा इथले मेपलवाले कपाळाला आठ्या घालून पाहतात. एक-दोन दिवसांत तोट्या उपसल्या जातात. छिद्र बुजवायचे नसते, ते झाड स्वतःच भरून काढते. त्यानंतर वाटाणा पेरायची घाई सुरू होते, कारण एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी येणाऱ्या पॅट्रिअट्स डेपर्यंत तो जमिनीत गेला पाहिजे असा इथला जुना संकेत आहे. त्या दोहोंच्या मध्ये एक शनिवार बादल्या धुण्याचा असतो: तळाशी आंबलेला चिकट रस, मेलेले पतंग, गरम पाणी आणि घासणी. पॅनकेकच्या न्याहारीला शेतावर रांग लागलेली असते, या शनिवारी मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे येतात. कोणाला यावेसे वाटले तर रबरी बूट आणि जुने हातमोजे सोबत आणावेत, साबण शेताकडे असतो.