ब्रेक लावूनही सरकणारे वर्कबेंच: चौथी नोंद

मागच्या नोंदीत १०० मिमी व्यासाची, पॉलियुरेथेनची चार फिरती कॅस्टर (पायाखाली बसवायची, सर्व दिशांना वळणारी चाके) बसवून थांबले होते. बेंच आता एका हाताने भिंतीपासून ओढता येते आणि शहाबादी फरशीच्या सांध्यांवर अडखळत नाही, याचे समाधान फार मोठे आहे. मात्र चारही ब्रेक दाबून सागाच्या फळीवर रंधा मारायला घेतला की बेंच लांबीच्या दिशेने बोटभर सरकते, आणि या एका दोषापायी तीन रविवार गेले.

आधी भाराचा संशय घेतला. अवजारांसह बेंच २१० किलोंचे आहे. उंचसखल फरशीवर एखादे चाक अधांतरी राहणार हे धरून भार चाराऐवजी तिनाने भागला, तर प्रत्येकी ७० किलो येतो आणि एका कॅस्टरची क्षमता १०० किलोंची आहे. म्हणजे तिथे काही उणे नव्हते. मग किंगपिनचे, म्हणजे कॅस्टर ज्या उभ्या खिळीभोवती वळते तिचे, नट आवळले. खडखड थांबली, सरकणे थांबले नाही. (रिव्हेट मारलेल्या किंगपिनपेक्षा नटाची घ्यावी, हे माझे मत मात्र पक्के झाले.)

शेवटी चाकावर आणि फरशीवर खडूच्या खुणा केल्या आणि बेंचखाली आडवे पडून मुलाला रंधा मारायला सांगितले. खुणा तसूभरही हलल्या नाहीत. चाक जागेवर होते आणि वरची प्लेटच त्याच्याभोवती वळत होती. मी चाकाबरोबर कॅस्टरचे वळणेही अडवणारा ब्रेक मागितला होता, दुकानदाराने दिला तो केवळ चाक अडवणारा. किंगपिन आणि चाकाचा आस यांच्यातले ३५ मिमीचे आडवे अंतर, म्हणजे ज्या लीडमुळे कॅस्टर इतके सहज वळते तोच लीड, इथे आड आला: बेंच भिंतीकडे ढकलल्यावर चारही चाके रुंदीच्या दिशेने समांतर राहतात, आणि रंध्याचा जोर नेमका त्याच्या काटकोनात, मोकळ्या दिशेला पडतो.

चाके कर्णावर बाहेर वळवून पाहिली, तर बेंच मध्याभोवती गरगरू लागले, कारण चारही चाकांच्या रेषा मध्यातच मिळत होत्या. मग पुढची दोन लांबीकडे आणि मागची दोन रुंदीकडे वळवली, आणि बेंच खिळून उभे राहिले! त्या दिवशी काढलेली पहिली अखंड, पातळ सालपट मी जपून ठेवली आहे.

दर वेळी पायाने चाके वळवणे मात्र जमणार नाही. म्हणून चाक आणि वळणे दोन्ही अडवणारे ब्रेक घेणार होते. पण हे लिहिताना सुचले की एका टोकाला दोन स्थिर, म्हणजे न वळणारी, कॅस्टर रुंदीच्या दिशेने बसवली, तर रंध्याचा जोर त्यांच्या आसाच्या दिशेने जाईल आणि वळायला काही उरणारच नाही. भिंतीकडे ढकलताना दिशा दुसऱ्या टोकाने देता येईल. फक्त एकूण उंची सध्याच्या १३० मिमीशी तंतोतंत जुळली पाहिजे, म्हणून या वेळी व्हर्निअर (बारीक मापे घेण्याची मोजपट्टी) सोबत घेऊनच दुकानात जाणार आहे.