तुम्ही विचारलंत म्हणून : पाचवे वचन

"बाई, तुमच्या संडे स्कूलमधून एवढी मुले गेली, मग मंडळीत आज त्यांच्यातला एकही पुढारी का दिसत नाही?" मंडळी म्हणजे आमच्या चर्चचा समुदाय. नवे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले की महिन्याभरात हा प्रश्न येतो. नाताळला पुण्या-मुंबईहून गावी आलेले लोक उपासनेनंतर चहा घेता घेता तोच विचारतात, आणि परवा तर माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीने तो विचारला, जी लग्नानंतर उपासनेला फिरकलेली नाही. आजवर मी "देवाची इच्छा" एवढे म्हणून विषय संपवीत आले. ते उत्तर खरे नव्हते, म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी माझी बाजू. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत मिशन शाळेचा मास्तर हाच रविवारी उपासना चालवी, आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला जाई आणि मयतीत पुढे उभा राही. माझे आजोबा असेच मास्तर होते. त्यांना पुढारीपण कोणी शिकवले नाही. पंधरा-वीस घरांसमोर दर आठवड्याला बोलावे लागे, त्यातूनच ते घडले. गावोगावच्या त्या शाळा बंद पडल्या, तशी मास्तरांची जागाही गेली. १९७० साली नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, कारभार आपला आपल्याकडे आला, परंतु आमच्या मंडळीत बोलण्याची जागा उरली ती एका पगारी पाळकासाठी, आणि त्यांची ओळख होते न होते तोच बदली होते. मुलाला सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, पाठवावे म्हटले, तर अभ्यासाचे बहुतेक वाचन इंग्रजीत, आणि आईबाप म्हणतात, आधी नोकरी बघू द्या. हे सगळे खरे आहे. आणि हे सगळे मी इतक्या वेळा सांगितले आहे की त्याच्या आड मला लपता येते, हेही तितकेच खरे आहे.

२०१३ च्या दुष्काळात उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, २९ मार्चला आला होता. दुपारी बारा ते तीन, येशूने वधस्तंभावरून उच्चारलेली सात वचने, सात वक्ते, हा आमचा शिरस्ता. पाचवे वचन, "मला तहान लागली आहे", एका एकोणीस वर्षांच्या मुलाला द्यावे असा हट्ट मी धरला होता. तो माझ्या हाताखाली पहिलीपासून शिकलेला. कमिटी कां-कू करीत होती, तेव्हा मी शब्द दिला की मजकूर मी लिहून देईन. चार फुलस्केप कागद मी माझ्या हाताने लिहिले, ओसरीवर त्याच्याकडून तीनदा वाचून घेतले, आणि कुठे थांबायचे तिथे लाल पेनाने खुणा करून दिल्या.

त्या दिवशी त्याने खिशातून कागद काढले, पुलपिटावर, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावर, सरळ केले, त्यांवर तळहात ठेवला आणि समोर पाहून बोलू लागला. वस्तीवर टँकर आठवड्यातून दोनदा येतो, आई रात्री दोन वाजता उठून हंडे रांगेत लावते, एवढे सांगून तो थांबला. मग म्हणाला, "आपल्या चर्चच्या आवारातल्या बोअरला पाणी आहे आणि त्याला कुलूप आहे. प्रभूने तहान लागली म्हटल्यावर शिपायांनी निदान आंब तरी पुढे केली." आंब म्हणजे आंबलेला द्राक्षारस. जेमतेम चार मिनिटे तो बोलला. आवाज कापत होता, हात मात्र कागदांवरून हलला नाही. पुढचे गीत सुरू व्हायला वेळ लागला, कारण पेटीवाल्या भाऊंनाही क्रमांक सुचेना. पहिल्या बाकावरच्या खजिनदारांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले.

पुढच्या आठवड्यात कमिटी बसली आणि एकच प्रश्न झाला : "हे बाईंनी लिहून दिले होते का?" मी म्हणाले, "नाही. माझ्या कागदांत असे काही नव्हते." उत्तर शब्दशः खरे होते. त्या एका वाक्याने मी सुटले आणि तो एकटा पडला. लेखी माफी दिल्याशिवाय त्याला पुलपिटावर उभे करायचे नाही, असे ठरले. मी विरोध केला नाही, आणि सहीच्या रकान्यात माझी सही आहे.

दोन दिवसांनी तो घरी आला, तेच चार कागद घडी करून परत द्यायला. "बाई, वचनाचा अर्थ चुकला का माझा?" एवढेच त्याने विचारले. मी म्हणाले, "अर्थ नाही रे, पद्धत चुकली." त्याने चहा घेतला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि गेला. पुढचे दोन रविवार दाराजवळच्या बाकावर बसला, नंतर आला नाही. आता चाकणकडे भाड्याच्या खोलीत कामगारांची प्रार्थनासभा चालवतो, असे कळते. म्हणजे तुमच्या प्रश्नातले "एकही नाही" हे पूर्णपणे बरोबर नाही. आमच्या बोअरचे कुलूप त्याच मे महिन्यात निघाले. कोणी काढले, याची नोंद सभेच्या वहीत नाही.

त्या वेळची मी आजही माझ्याशी वाद घालते. ती म्हणते, मंडळीचा अध्यक्ष नवशिका नसावा हे प्रेषित पौलानेच आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पत्रात लिहिले आहे. मला ते आजही मान्य आहे. तयारी नसलेल्या एका माणसाने प्रार्थनेच्या भरवशावर मधुमेहाच्या बाईची गोळी बंद केलेली मी पाहिली आहे, त्यामुळे माझी भीती उगाच नव्हती. परंतु त्याच पत्रात तुझ्या तरुणपणाला कोणी तुच्छ मानू नये असेही आहे, आणि ते वाक्य मी मुलांकडून फक्त पाठ करून घेतले. जुन्या करारात एलदाद आणि मेदाद हे दोघे छावणीत परवानगीवाचून देवाचा संदेश देऊ लागले, तेव्हा त्यांना थांबवा म्हणणारा मोशेचा सेवक यहोशवा होता, आणि मोशेने त्याला विचारले, माझ्यासाठी तू हेवा करतोस काय? हा धडा मी कितीदा शिकवला असेन! त्यात मी नेहमी स्वतःला मोशेच्या बाजूला उभी करीत आले. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीते आम्ही दर रविवारी म्हणतो. त्याच टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा मिशनबाहेरचा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, हे मात्र आम्ही मुलांना सांगत नाही.

माझे पहिले भाषण, महिला रविवारचे, तेव्हाच्या पाळकसाहेबांनी लिहून दिले होते. मी ते न अडखळता वाचले, सर्वांनी कौतुक केले, आणि माणूस असाच तयार होतो अशी माझी समजूत झाली. सत्तावीस वर्षे मी मुलांना कागद देत राहिले. आजोबांना कोणी कागद दिला नव्हता. ते चुकत, आणि चुकल्यावरही पुढच्या रविवारी त्यांनाच उभे राहावे लागे. आमच्या मुलांना तो पुढचा रविवार मी मिळू दिला नाही.

सध्या बुधवारची घरसभा एक सतरा वर्षांची मुलगी चालवते. तिला मी काहीही लिहून देत नाही. मागच्या बुधवारी तिने नव्वदावे स्तोत्र दाविदाचे म्हणून सांगितले. ते मोशेचे आहे. मी तोंड उघडले, मिटले, आणि घरी परतताना रस्त्यात तिला सांगितले; तेव्हाच सर्वांसमोर सांगायला हवे होते का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. येत्या उत्तम शुक्रवारी पाचवे वचन तिला द्यावे, असे मी सुचवले आहे. कमिटीने विचारले आहे, मजकूर आधी कोण पाहणार. रविवारपर्यंत मला उत्तर द्यायचे आहे.