क्षेपणास्त्र पडलं फ्लोरिडाजवळ आणि भांडण आमच्या ग्रुपवर

मंडळी, 2024 च्या फेब्रुवारीतला एक आठवडा फार वैतागात गेला. बातमी तुम्ही वाचली असेलच, ब्रिटनच्या व्हॅनगार्ड पाणबुडीतून जानेवारीअखेर ट्रायडंट या अण्वस्त्र वाहून नेणाऱ्या क्षेपणास्त्राची चाचणी घेतली, साक्षात तेव्हाचे संरक्षणमंत्री ग्रँट शॅप्स पाणबुडीवर हजर, आणि ते क्षेपणास्त्र पाण्याबाहेर आलं आणि तिथेच जवळ बुडालं. झालं, आमच्या कॉलेजच्या ग्रुपला सुगीच. "तुमच्या गोऱ्यांचा फुसका बार", "दिवाळीत आमच्याकडून मागवा", वगैरे वगैरे. आणि मी काय केलं असेल? ब्रिटिश नौदलाची बाजू मांडत बसलो! रात्री साडेअकरा वाजता, स्कॉटलंडमधल्या आमच्या हेलन्सबरात, रजईत पाय घालून. ही म्हणाली, तुला नौदलाने नोकरीवर ठेवलंय का.

पण चिडलो त्याला कारण आहे. हे प्रकरण आमच्यासाठी टीव्हीतलं नाही. फासलेनचा नौदल तळ गावापासून जेमतेम दहा मिनिटांवर, बॉम्ब ठेवायचं कूलपोर्ट डोंगरापलीकडे. गॅरलॉकहेडच्या रस्त्याने आरोकारला फिरायला जाताना डाव्या हाताला मैलभर काटेरी कुंपण लागतं आणि तळाच्या दाराशी 1982 पासून बसलेला शांतता कॅम्प, रंगीबेरंगी कॅरव्हॅन्सचा. पाणबुडी निघते तेव्हा रूच्या अरुंद खाडीतून जाते, पुढेमागे टग आणि पोलिसांच्या बोटी, मधे ते काळंकुट्ट धूड, अंगावर नाव नाही नंबर नाही. लोक कुत्रं फिरवत असतात, बघतात, पुढे जातात. आमच्या गल्लीतल्या एकीचा नवरा त्यावर असतो. हल्ली गस्त पाच-सहा महिने लांबते, आठवड्याला मोजून एकशेवीस शब्दांचं पत्र इकडून पाठवता येतं, तिकडून एक अक्षर येत नाही. आणि घरी काही वाईट झालं तर परत येईपर्यंत सहसा सांगतच नाहीत. हे ऐकल्यावर फुसका बार म्हणून हसायला जीभ वळत नाही हो.

1969 पासून एक तरी अशी पाणबुडी कायम समुद्रात असते. एकही दिवस खंड नाही असं इथलं सरकार अभिमानाने सांगतं. व्हॅनगार्ड जातीच्या चार आहेत, त्या म्हाताऱ्या झाल्या म्हणून नव्या चार बांधायच्या की नाही यावर 18 जुलै 2016 ला संसदेत चर्चा झाली, खर्च 31 अब्ज पौंड, शिवाय हाताशी 10 अब्ज राखीव. मला ग्रुपवर खरं तर हे सांगायचं होतं, पण व्हॉट्सॲपवर कोण वाचतंय एवढं, म्हणून इथे लिहितोय.

थेरेसा मे पंतप्रधान होऊन आठवडाही झाला नव्हता. पहिलंच मोठं भाषण. आणि स्कॉटिश नॅशनल पार्टीचे जॉर्ज केरेव्हन उठले आणि सरळ विचारलं, की ज्यात लाखभर निरपराध बायका-मुलं-माणसं मरतील अशा अणुहल्ल्याचा हुकूम तुम्ही स्वतः द्याल का? बाई म्हणाल्या, येस. मग त्याचं समर्थन, की धाक बसवायचा तर आपण वापरू हे शत्रूला कळलंच पाहिजे. मी तेव्हा लाइव्ह बघत होतो आणि खरंच पोटात गोळा आला. उत्तराने नाही, प्रश्नाने. असा प्रश्न देशाच्या पंतप्रधानाला, तोंडावर, कॅमेऱ्यासमोर? आपल्याकडे विचारला असता तर आधी सभागृह तहकूब, मग संध्याकाळी चॅनेलवर विचारणाऱ्याचं सात पिढ्यांचं देशप्रेम तपासायला बसले असते.

(तसं मे बाईंनीही ते केलंच. ग्रीन पार्टीच्या कॅरोलिन लुकस यांनी विचारलं, की सुरक्षेसाठी अण्वस्त्रं एवढी अत्यावश्यक असतील तर मग प्रत्येक देशाने ती मिळवावीत का? त्यावर उत्तर, काही लोक शत्रूची बाजू घ्यायला सगळ्यात पुढे असतात. म्हणजे ही कला काही आपलीच नाही.)

पण लुकसबाईंचा तो प्रश्न ऐकून मी सोफ्यावरून उठलोच. अरे, हेच तर आपण वर्षानुवर्षं सांगत होतो! तुम्ही पाच बड्या देशांनी ठेवलेली चालतात आणि आम्ही केली की जगाला धोका? पोखरणनंतर जून 1998 मध्ये सुरक्षा परिषदेने 1172 क्रमांकाचा निषेधाचा ठराव एकमताने केला, त्यात ब्रिटनचाही हात वर होता. तेच ब्रिटन अठरा वर्षांनी म्हणतंय आम्हाला स्वतःला जपलं पाहिजे, जग धोकादायक आहे. आम्हाला काय तुळशीबाग होती शेजारी?

असो. मतदान मात्र बघण्यासारखं. घंटा वाजतात, खासदार कुठे चहा पीत असतील तिथून पळत येतात, आठ मिनिटांत दारं बंद. मग "हो"वाले एका दालनातून आणि "नाही"वाले दुसऱ्या दालनातून चालत जायचं, तेव्हा कारकून नावावर खूण करायचे, दाराशी मोजणारे मोजणार. बटण नाही, नुसत्या आवाजी मतदानावर भागत नाही. आपल्या विधानसभेतली शिरगणतीच, फक्त पायी. 472 विरुद्ध 117 ने ठराव पास झाला. विरोधी पक्षनेते कॉर्बिन स्वतः विरोधात बोलले आणि त्यांच्याच लेबर पार्टीचे 140 खासदार बाजूने चालत गेले! लेबरने व्हिप काढला नव्हता. बॅरोचे लेबर खासदार तर तावातावाने बाजूने, कारण पाणबुड्या तिथे बांधतात, गाव त्यावर जगतं. सत्ताधारी हुजूर पक्षातून एकटा क्रिस्पिन ब्लंट विरोधात. आणि स्कॉटलंडच्या 59 पैकी 58 खासदारांचं मत, नको. आमच्या भागाचे, म्हणजे जिथे तळ आहे त्याच मतदारसंघाचे ब्रेंडन ओ'हारा, त्यांचंही नको. तरी पाणबुड्या इथेच.

हे सगळं मी कौतुकाने सांगतो तेव्हा आमचा एक मित्र, जो स्वतः संरक्षण खात्याशी संबंधित कामात आहे, तो शांतपणे म्हणतो, पुढचं पण सांग. तर पुढचं असं, की जून 2016 मध्ये, म्हणजे त्या चर्चेच्या आधी, व्हेंजन्स पाणबुडीवरून सोडलेलं क्षेपणास्त्र भलतीकडे गेलं होतं. खासदारांना सांगितलंच नाही. जानेवारी 2017 मध्ये पेपरने फोडलं, टीव्हीवर मे बाईंना चारदा विचारलं, तुम्हाला माहीत होतं का, चारही वेळा त्यांनी ट्रायडंटवर किती विश्वास आहे ते सांगितलं. त्यामुळे एवढं चालत गेले, नावं छापली, पण कशावर मत देतोय हे अर्धंच माहीत. इथे माझी बोलती बंद होते, हे कबूल.

पण म्हणून दोन्हीकडे सारखंच, हे मला पटत नाही. आपली अणुपाणबुडी अरिहंत 26 जुलै 2009 ला पाण्यात उतरली, मनमोहन सिंगांच्या पत्नीने नारळ फोडला, तोपर्यंत वर्षानुवर्षं तो प्रकल्प अधिकृतपणे नीटसा अस्तित्वातच नव्हता. 2018 च्या नोव्हेंबरात पहिली गस्त पुरी झाली ते पंतप्रधानांनी सांगितलं तेव्हा कळलं. अणुभट्टी भाभा अणुसंशोधन केंद्राची, गिअरबॉक्स आपल्या वालचंदनगरचा, छाती फुगतेच की, माझीही फुगली. लोकसभेत पोखरणवर भरपूर चर्चा झाली होती, तेव्हा विरोधी पक्षनेते शरद पवार होते, पण ती स्फोट झाल्यावर. पाणबुड्या किती, पैसे किती, हे मतदानाला कधी आलंच नाही. 2018 ला तर सगळ्या खात्यांच्या खर्चाच्या मागण्याच चर्चेविना एका झटक्यात मंजूर झाल्या, याला गिलोटिन म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, चीन आणि पाकिस्तान शेजारी असताना सगळं चव्हाट्यावर मांडायचं का. मलाही निम्मं पटतं. ब्रिटनला परवडतं, क्षेपणास्त्रंसुद्धा अमेरिकेबरोबरच्या सामायिक साठ्यातली. आपण रशियाची मदत सोडली तर बहुतेक स्वतः, तेही बाकी जगाने दारं बंद केलेली असताना. आणि मी इथे टॅक्स भरतो, त्यातले काही पौंड त्या खाडीत जातात, त्याविरुद्ध मी कधी त्या कॅम्पवर जाऊन बसलो नाही. शेजारणीला काय तोंड दाखवणार? आणि खरं सांगू, तळ गेला तर इथली घरांची किंमतही जाईल, हप्ते आमचे चालू आहेत.

एक गंमत मात्र ग्रुपवर कोणालाच माहीत नव्हती. राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून आम्हाला भारतीय पासपोर्टवर इथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. पुण्यात मत द्यायचं तर मात्र तिकीट काढून प्रत्यक्ष यावं लागतं. 2024 मध्ये दोन्हीकडे निवडणुका झाल्या, पुढेही होतीलच. इथले उमेदवार दारावर येतात, तेव्हा मी ट्रायडंटचं विचारणार आहे. पुण्यात कोणाच्या दारावर आले तर अरिहंतचं विचारा. "राष्ट्रहितासाठी सांगता येणार नाही" म्हणाले तरी हरकत नाही, आधी तिला पाणबुडी म्हणतात हे उमेदवाराला माहीत आहे का ते तरी कळेल.