पाटणादेवीच्या नाल्यातली गारगोटी

आज चाळीसगावहून पाटणादेवीला गेलो होतो. दर्शन पाच मिनिटांत झालं, पण परतताना नाल्यात उतरलो आणि तासभर तिथंच रमलो. काळ्या गोट्यांत मधाच्या रंगाचा एक खडा. कॅल्सेडनी. किल्लीनं ओरखडा काढायला गेलो, तर दगडावर किल्लीचीच रेघ उमटली! लाव्हा थिजताना बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका, म्हणजे वाळूत असतं तेच द्रव्य, झिरपून साठली, ती ही. कण इतके बारीक की काचेसारखी फुटते, शिंपल्यासारखा वळसा घेत. म्हणून ती धार.

इथंच, पाटणे गावी, १९७०च्या दशकात एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. अश्मयुगातल्या माणसांनी घडवलेली, कॅल्सेडनी नि तिच्याच जातीच्या जास्पर दगडाची चिमुकली पाती निघाली, शिवाय शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी. खानदेशात शहामृग, बोला! असली पाती लाकडाच्या नाहीतर हाडाच्या खाचेत ओळीनं बसवायची. एक तुटलं की तेवढंच बदलायचं.

"खाले काय दखी ऱ्हायना रे भो?" वरून एका गुराख्यानं हटकलं. खडा दाखवला. "हाई ते गारगोटी शे," म्हणाला नि म्हशींमागं गेला.

खडा तिथंच ठेवून आलो. अंगठा कापलाय, ते घरी येऊन मीठ-लिंबू चोळताना कळलं.