काचेच्या सालीची द्राक्षे

आमच्या घरात तांगहुलू आले ते कानांवाटे. जानेवारीतल्या एका संध्याकाळी माझी अकरा वर्षांची कन्या मोबाइल कानाशी धरून बसली होती आणि त्यातून काचेची बांगडी पायाखाली फुटावी तसा आवाज पुन्हा पुन्हा येत होता. चौकशी केल्यावर कळले, की कोरियातली कोणी मुलगी साखरेचा पारदर्शक लेप दिलेली स्ट्रॉबेरी चावत होती आणि तो आवाज ऐकण्यासाठीच लोक ती चित्रफीत पाहत होते. "बाबा, हे आपण घरी करायचं," असा निर्णय तिथेच जाहीर झाला. रक्तातल्या साखरेचा माझा आकडा गेल्या दिवाळीत सीमेवर येऊन उभा राहिल्यापासून मी बिनसाखरेचा चहा पितो, त्यामुळे करू, पण साखर कमी घालून करू, अशी अट मी घातली. ती घालताना आपण पदार्थाच्या पायालाच हात लावतो आहोत, याची मला कल्पना नव्हती.

तांगहुलू हा मूळचा उत्तर चीनमधला, विशेषतः बीजिंगकडचा, हिवाळी पदार्थ. नावातल्या 'तांग'चा अर्थ साखर आणि 'हुलू'चा अर्थ तुंबा भोपळा. शानझा नावाची बोराएवढी, लालभडक, आंबट-तुरट फळे बांबूच्या काडीत ओवून कढत पाकात फिरवायची आणि बाहेरच्या थंडीत कडक होऊ द्यायची, एवढीच त्याची कृती. फेरीवाले या काड्या गवताच्या जाड पेंढीत चहूबाजूंनी खोचून विकत हिंडतात. सोंग घराण्यातल्या ग्वांगझोंग या सम्राटाची (राज्यकाळ ११८९ ते ११९४) आवडती राणी आजारी पडली, तिची अन्नावरची वासना उडाली, आणि एका वैद्याने साखरेत शिजवलेली शानझाची फळे जेवणाआधी खायला सांगून तिला बरे केले, अशी आख्यायिका या पदार्थामागे सांगतात. औषध म्हणून घरात शिरायचे आणि खाऊ म्हणून मुक्काम ठोकायचा, ही युक्ती आपल्याकडच्या मोरावळ्यालाही चांगली साधलेली आहे. पुढे फळे बदलत गेली. २०२३च्या सुमारास दक्षिण कोरियात या काड्यांची मोठी लाट आली, तेव्हा त्यांवर स्ट्रॉबेरी, द्राक्षे आणि संत्री आलेली होती. मूळच्या जोडीत फळाचा आंबटपणा आणि लेपाचा गोडवा यांनी एकमेकांना सांभाळलेले होते. गोड द्राक्षावर साखर चढवणे म्हणजे लग्नघरात आणखी एक वाजंत्री बोलावण्यासारखे आहे. पण हे शहाणपण मला नंतर सुचले.

पाकाची कृती कागदावर निरुपद्रवी दिसते: दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, आणि उकळी आल्यावर अजिबात ढवळायचे नाही. मी आयत्या वेळी फजिती नको म्हणून स्वयंपाकाचा थर्मामीटर विकत आणला होता. तो पातेल्यात उभा केलेला पाहून आई म्हणाली, "अरे, पाकाला थर्मामीटर कशाला? त्याला काय ताप आलाय?" तिच्या लेखी पाक हा बोटांनी ओळखायचा विषय आहे. एकतारी, दोनतारी, गोळीबंद, आणि त्याच्याही पुढे गेला की चिक्कीचा. वाटीतल्या गार पाण्यात थेंब सोडायचा, तो कडक झाला आणि वाटीवर आपटल्यावर टणकन वाजला की उतरवायचा. मी थर्मामीटर वाचत होतो आणि ती वाटीत थेंब सोडत होती, त्यामुळे त्या दिवशी दोन्ही पंचांगे शेजारी शेजारी उघडलेली होती. तार धरली तेव्हा पारा ११० अंशांच्या आसपास होता, गोळी वळली तेव्हा ११५च्या पुढे, आणि वाटीत टणकन आवाज आला तेव्हा १५०. आईने माझ्या यंत्राकडे पाहून "बरोबर दाखवतंय की," असे प्रशस्तिपत्र दिले.

मात्र हे सारे दुसऱ्या खेपेचे. पहिल्या खेपेस मी सवयीने चमचा घातला आणि बघता बघता पातेल्याच्या कडेपासून मध्यापर्यंत पाक साखरला. पातेल्यात पांढरी ओली वाळू भरावी तसे ते दृश्य होते. ढवळल्यामुळे कडेला चिकटलेला एखादा दाणा पाकात उतरतो, त्याच्याभोवती बाकीची साखर रांगा लावून उभी राहते आणि स्फटिक होते. आपल्याला हवी असते काच, म्हणजे रांगा लावायला सवड न मिळताच जागच्या जागी थिजलेली साखर. यासाठी पाकात लिंबाचे चार थेंब पिळायचे. आंबटामुळे थोड्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात आणि ते मधे मधे लुडबुडत रांग लागू देत नाहीत. "पाक म्हणजे पिठलं नव्हे," एवढ्या एका वाक्यात आईने हाच धडा दिला होता.

याच पातेल्यासमोर माझ्या अटीचा पहिला पराभव झाला. दोन वाट्यांऐवजी एकच वाटी साखर घेऊ, पाणी तेवढेच ठेवू, म्हणजे पाक निम्मा गोड होईल, असा माझा भाबडा हिशेब होता. पण पाकाचा पारा १५० अंशांपर्यंत चढतो तो पाणी निघून गेल्यावरच, आणि त्या टप्प्याला त्यात जेमतेम शंभरात एक भाग पाणी उरते. सुरुवातीला पाणी कितीही जास्त घाला, ते वाफ होऊन जाते आणि गॅस तेवढा जास्त जळतो. फळावर बसते ती शुद्ध साखरच. सरबतात साखर कमी घालता येते, शिऱ्यात घालता येते, चहातून तर ती मी पूर्ण काढलेली आहे. इथे मात्र पदार्थाची भिंतच साखरेची आहे.

मग भिंतीचा माल बदलण्याचे प्रयोग सुरू झाले. शेजारच्या काकूंनी गॅलरीतूनच गूळ वापरण्याचा सल्ला दिला. गूळ मला फार प्रिय आहे, पण त्यातही मुख्यतः साखरच असते आणि रक्ताला तिचा रंग दिसत नाही, हे काकूंना समजावण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. स्टीव्हिया या साखरेहून कैकपट गोड वनस्पतीची पूड चिमूटभरच पुरते, हाच तिचा गुण इथे दोष ठरतो, कारण चिमटीभर पुडीतून लेप निघणार कसा? एरिथ्रिटॉल हा साखरेच्या जागी वापरायचा गोड दाणेदार पदार्थ वितळला छान, उष्मांक जवळजवळ नाहीतच म्हणून मी खूशही झालो, पण तो निवता निवताच स्फटिक होऊ लागला आणि द्राक्षांवर बुरशीसारखी पांढरी खरपुडी धरली. तोंडात घातल्यावर त्याने जिभेला गारवा दिला, म्हणजे पुदिन्यावाचून पुदिना. शेवटी केक सजवण्याचे साहित्य मिळते त्या दुकानातून आयसोमाल्ट आणले. ते साखरेपासूनच तयार करतात, उष्मांक साखरेच्या सुमारे निम्मे आणि गोडीही साधारण निम्मीच. ते सहसा पिवळे पडत नाही आणि दमट हवेला साखरेइतके लवकर पाझरत नाही. त्याची काच इतकी नितळ झाली, की द्राक्षाची शीरन् शीर दिसावी. कन्येने चावा घेतला, आवाजही फर्मास आला, आणि मग ती म्हणाली, "बाबा, पण गोड कुठंय?" शिवाय जास्त खाल्ल्यास पोट ढिले होऊ शकते, अशी सूचना पाकिटावर छापलेली होती, आणि अकरा वर्षांच्या मुलीला दोन काड्यांवर थांबवण्याचे सामर्थ्य माझ्यात नाही. आईने काडी हातात न घेताच तिचे वर्णन 'झुंबराचा लोलक' असे केले.

साखर बदलता येत नाही आणि पाकात कमी करता येत नाही, तर ती फळावर कमी बसवावी, एवढाच मार्ग उरतो, आणि तो शोधायला मला तीन रविवार लागले. पोस्टाचे वजन करावे तसा छोटा डिजिटल काटा आमच्या घरात आहे. त्यावर मी काड्या लेपाआधी आणि लेपानंतर तोलू लागलो. चार द्राक्षांची काडी घेतली तर फळे साधारण २० ग्रॅम भरत, आणि त्यांत त्यांची स्वतःची साखर सुमारे ३ ग्रॅम असते. पहिल्या दिवशीचा माझा लेप ८ ग्रॅमचा होता, म्हणजे फळापेक्षा आवरणातच अडीचपटींहून जास्त साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शनात अशा वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्याखाली, आणि शक्य तर त्याच्याही निम्म्यावर, म्हणजे मोठ्या माणसासाठी सुमारे २५ ग्रॅमवर ठेवायला सांगितले आहे. तीन काड्यांत तिचा निकाल लागला असता.

लेप जाड का होतो, हे पाहिले तर दोष बहुतेक माझ्याच घाईचा निघाला. फळे फ्रिजमधून काढून तशीच बुडवली, की गार सालीला लागताच पाक जागीच थिजतो आणि निथळायला वेळच मिळत नाही. त्यातून सालीवर दव धरले असेल, तर लेप सुटून पडतो तो वेगळाच. पातेले खाली उतरवून ठेवले, की पाक दाटतो आणि शेवटच्या काड्यांवर मेणबत्तीचे ओघळ उतरतात. म्हणून फळे धुऊन, एकेक पुसून, तासभर पंख्याखाली ठेवायची, गॅस अगदी बारीक करून पाक पातळ राखायचा, आणि काडी बाहेर काढल्यावर पातेल्यावरच दोनतीनदा फिरवून झटकायची. एवढ्याने ८चे ६ झाले. उरलेली मजल आईने मारून दिली. संक्रांतीच्या हलव्यासाठी ती परातीत तीळ घेऊन मंद आचेवर ठेवते, चमचाभर पाक सोडते, बोटांनी फिरवत राहते, ते वाळल्यावर पुढचा चमचा, आणि असे दोनतीन दिवस केल्यावर तिळावर काटा उभा राहतो. माझे बुडवणे थोडा वेळ पाहून ती म्हणाली, "अरे, म्हशी डुंबवतोयस का? चमच्यानं घाल." पातेले जरा कलते करून, एका हाताने काडी फिरवत, दुसऱ्या हाताने चमच्याने वरून पाकाची धार सोडली, तर लेप एकसारखा आणि नखासारखा पातळ बसतो. काट्याने ४ ग्रॅम दाखवले, म्हणजे पोहे खायच्या चमच्याने एक चमचा. शिवाय बुडवण्यासाठी पातेलेभर पाक लागत होता, तो आता ५० ग्रॅम साखरेत भागू लागला. आवाज मात्र वाढला! पातळ काच अधिक तीव्र फुटते, जाड काच दातांना नुसती हुज्जत घालते.

फळांच्या बाबतीत मी पक्षपाती झालो आहे, हे कबूल करतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी या कामासाठी सर्वांत गुणी, कारण शंभर ग्रॅममध्ये तिची स्वतःची साखर ५ ग्रॅमच्या आसपास असते, अंगी आंबटपणा असतो, आणि देठ ठेवला तर रसही बाहेर येत नाही. नाशिकची काळी द्राक्षे दिसायला राजस, पण गोडाला गोड. संत्र्याच्या फोडीचे पापुद्रे जरासे जरी फाटले, तरी रस झिरपून काच आतून विरघळते. कापलेल्या अननसाचा किंवा सफरचंदाचा प्रयोग तर करूच नये. चवीचा खरा शोध लागला तो गावठी बोरांत. शानझा आपल्याकडच्या मंडईत मिळत नाही, पण पौष महिन्यातली आंबट, तांबूस, करकरीत बोरे त्याच्या जागी अशी चपखल बसली, की बीजिंगच्या फेरीवाल्यानेही मान डोलवावी. आवळ्याला लेप देणे हे धाडस होते; पहिल्यांदा गोड, मग आंबट, मग तोंड वाकडे करणारा तुरटपणा, आणि वर पाणी प्यायल्यावर पुन्हा गोड. त्या काडीला घरात माझ्याखेरीज गिऱ्हाईक मिळाले नाही.

रंगांची हौस कन्येची. तिला निळी आणि गुलाबी काच हवी होती, म्हणून मी बीटचा रस पाकात घातला. तडतडत त्याने गॅसची शेगडी रंगवली आणि १५० अंशांना पोहोचेपर्यंत गुलाबीचा काढ्यासारखा तपकिरी झाला. हळदीचा पिवळा रंग टिकला, पण त्या काडीला पोह्यांचा वास येत होता. शेवटी पाक बिनरंगी ठेवायचा आणि रंगाचे काम फळांनी करायचे, असे ठरले. काळे, हिरवे, लाल, नारिंगी अशी फळे एका काडीवर ओवली, की वरून दिव्याचा उजेड पडून ती काडी लहानपणीच्या काचेच्या गोट्यांसारखी दिसते. ओवण्याचे काम कन्येकडे आहे. पाकापाशी तिला मी येऊ देत नाही, कारण हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी कढत असतो आणि कातडीला चिकटून बसतो. खालच्या मजल्यावरच्या तीन वर्षांच्या पाहुण्याला काडी मिळत नाही. त्याला द्राक्षे उभी चिरून आणि बिनलेपाची, कारण अख्खे द्राक्ष त्या वयाच्या घशात अडकू शकते. मुंबईच्या बहिणीने कृती मागवली आणि तिच्या काड्या पंधरा मिनिटांत घामेजल्या. पुण्याची जानेवारीतली कोरडी हवा पाकाला मानवते. समुद्राकाठी हा पदार्थ करून ठेवायचा नसतो, लगेच खायचा असतो.

गेल्या रविवारी ५० ग्रॅम साखरेत सहा काड्या केल्या आणि काट्यावर त्यांतली साखर भरली २५ ग्रॅम. उरलेली २५ ग्रॅम पातेल्याच्या बुडाशी काच होऊन बसली होती. ती वाचली, असे मी वहीत लिहीत असताना आईने पातेल्यात पाणी ओतले, गॅसवर ठेवून ती काच विरघळवली, गार झाल्यावर लिंबू पिळले, चिमूटभर मीठ आणि वेलची घातली आणि तीन पेले भरले. माझ्या वाट्याला सुमारे ८ ग्रॅम आली, म्हणजे पहिल्या दिवशीच्या त्या जाड काचेइतकी. सरबत उत्तम झाले होते. मी कन्येला काटा कपाटात ठेवून यायला सांगितले.